वरच्या पट्टीला नांगर नाही

हार्लन ओडेल ब्रेक्के. जन्म ११ फेब्रुवारी १९३९, विस्कॉन्सिनच्या नैऋत्य कोपऱ्यात, ब्योर्नडाल खोऱ्याच्या वरच्या डोंगरधारेवरील शेतघरात. मृत्यू ९ एप्रिल २०१९, त्याच घरात, त्याच खोलीत. अविवाहित. एक्केचाळीस वर्षे दुभती जनावरे राखली, तरुणपणी वडिलांच्या हाताखाली तंबाखू केली, आणि अखेरची सत्तेचाळीस वर्षे हरणांसाठी पेरणी केली. या सत्तेचाळीस पेरण्यांपैकी सेहेचाळीस पेरण्यांत जमिनीला लोखंड लागले नाही. सत्तेचाळिसाव्या वेळी लागले, आणि जे काही सांगायचे आहे ते त्यामुळे सांगायचे आहे.

पट्टी जेमतेम अर्ध्या एकराची. धारेच्या माथ्यावर, ओकच्या रानाला पाठ टेकून, दक्षिणेकडे उतरत गेलेली. ब्रेक्के तिला ‘वरची पट्टी’ म्हणत आणि तिची प्रत्येक पेरणी एका निळ्या वहीत तारखेसह नोंदवत. ऑगस्टच्या मध्यावर मागच्या वर्षीची राय, गव्हासारखे ते गवती धान्य, कमरेइतकी, वाळून पिवळी उभी असे. रेडिओवर पावसाचा अंदाज ऐकला की त्याच्या आदल्या दिवशी ब्रेक्के आणि त्यांचा शेजारी गेलन फॉसम गळ्यात पोती अडकवून त्या उभ्या राईत शिरत आणि खांद्याला खांदा लावून राय, क्लोव्हरचा चारा आणि सलगम यांचे बी फोकत जात. मग ट्रॅक्टरमागे जुन्या मोरीच्या नळाचा रूळ बांधून सगळे उभे पीक आडवे केले जाई. बियांवर काडाचे पांघरूण पडे. दुसऱ्या दिवशीचा पाऊस उरलेले काम करी. नोव्हेंबरात, शिकारीच्या नऊ दिवसांत, आजूबाजूचे रान करडे पडलेले असताना ही पट्टी तेवढी हिरवी असे, आणि खोऱ्यातली हरणे तिच्यावर येत.

ऐंशीच्या दशकात ही पद्धत शिकायला लोक येऊ लागले. शेतीखात्याचा एक तरुण अधिकारी दरवर्षी चार-सहा जणांना घेऊन येई आणि ब्रेक्के काळाच्या वीस वर्षे पुढे आहेत, असे त्यांच्यादेखत सांगे. ब्रेक्के टोपी काढून ऐकून घेत आणि एकच वाक्य बोलत: मातीला जितके कमी छेडाल तितके बरे. गेलन मागे उभा राहून पुस्ती जोडी, की हा मुळातला आळशी माणूस, याच्या आळसाला तुम्ही शास्त्र म्हणू नका. लोक हसत. ते दोघे एकमेकांकडे पाहत नसत.

नांगर न लावण्याचे कारण शास्त्राचे नव्हते.

१९६८ साली ही पट्टी तंबाखूची होती. त्या वर्षी ब्रेक्के यांचा धाकटा भाऊ लायल याने रानाच्या कडेची सात झाडे तोडली नाहीत, बियाण्यासाठी राखली. बाकीचे पीक कोठारात टांगले होते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, शिकारीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, दाट धुके उतरले. धारेवरची माणसे अशा दिवसाला ‘तंबाखूची हवा’ म्हणतात. कोरडे पान ओलसर हवेने नरम पडते, हाताळताना चुरा होत नाही, आणि म्हणून त्याच दिवशी ते कोठारातून उतरवून खुडून घ्यायचे असते. वडिलांनी तसे बजावले होते. नाहीतर निदान चर्चला तरी जा, म्हणाले होते. तिघे तरुण मात्र बंदुका घेऊन वर गेले.

त्यांनी हाका घातला. लायल रानात शिरून हरणे उठवणार, हार्लन पट्टीच्या वरच्या टोकाला, गेलन डाव्या बाजूला. एक मोठा नर रानातून उसळला, पट्टी ओलांडू लागला, आणि दोघांनी एकाच क्षणी गोळी झाडली. नर निघून गेला. धुक्यात लायलचा लाल कोट करडा दिसत होता. तो नराच्या मागोमाग रानाबाहेर आला होता, आणि गोळी त्याच्या मानेतून आरपार जाऊन उतारात कुठेतरी घुसली होती.

हार्लनची गोळी पेन्सिलीइतकी बारीक. गेलनची करंगळीएवढी जाड. जखमेवरून काही ठरवता आले नाही. गोळी मिळाली असती तर एका नजरेत ठरले असते; न लागलेली दुसरी तर पट्टीवरून पुढे खोऱ्यात निघून गेली असणार. पोलीस अधिकाऱ्यांच्या माणसांनी दिवसभर बटाटे खणायच्या काट्यांनी माती उकरली. संध्याकाळी बर्फ पडला, जमीन गोठली, आणि दोघांपैकी एकाच्या हातून अपघात, एवढे लिहून कागद बंद झाला. वसंतात कोणी परत आले नाही.

लायलच्या मागे त्याची बायको आर्डिस आणि चौदा महिन्यांची मुलगी रोंडा उरली.

एप्रिलमध्ये वडील पट्टी नांगरायला निघाले तेव्हा हार्लन ट्रॅक्टरसमोर उभे राहिले. नांगर नको, एवढेच म्हणाले. वडिलांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिले आणि ट्रॅक्टर वळवला. तीन वर्षे तिथे तण माजले.

पट्टीत पेरायची कल्पना गेलनची. दोघांनी त्या दिवसानंतर शपथ घेतली होती, की या धारेवर पुन्हा हाका होणार नाही. शिकारीच्या दिवसांत रानातून माणूस चालणार नाही. मग हरण मिळायचे कसे? तर हरणांनीच यावे. त्यांना आवडेल असे काही पेरायचे, दोन टोकांना दोन मचाणे बांधायची, दोघांचा नेम उताराकडेच राहील अशी ती वळवायची, आणि हरण उघड्यावर, स्वच्छ दिसेल तेव्हाच गोळी झाडायची. हे १९७२ साली ठरले, आणि पेरणी करायची तर नांगराशिवाय, हे न बोलता ठरले. गोळी मातीत होती तोवर ती दोघांची निम्मी निम्मी होती. मातीतून निघाली तर एकाची होणार होती.

पण नांगर लावला नाही तरी थंडी थांबत नाही. तिकडे दर हिवाळ्यात गोठण-वितळण जमिनीतले दगड वर ढकलते. म्हणून दर एप्रिलमध्ये, बर्फ उतरले की, ब्रेक्के बादली घेऊन एकटेच वर जात आणि पट्टीतले दगड वेचत. लोकांना ती त्यांची टापटीप वाटे. ते मात्र प्रत्येक दगड उचलण्याआधी तो दगडच आहे ना, हे बोटाने पाहून घेत. लायल कुठे पडला ते त्यांना चार पावलांच्या अंतरात ठाऊक होते. त्या चार पावलांत ते गुडघ्यांवर बसून वेचत.

१९७३ च्या नोव्हेंबरात पुन्हा तंबाखूची हवा आली. दोघे आपापल्या मचाणावर होते. पट्टीत चार माद्या चरत होत्या. एकाएकी चौघींनी माना वर करून रानाकडे रोखल्या, आणि धुक्यातून एक माणूस बाहेर आला. करड्या कोटातला. पट्टीच्या मध्यावर येऊन तो थांबला. माद्या पळाल्या नाहीत. घटकाभराने धुके हलले तेव्हा तिथे क्लोव्हरखेरीज काही नव्हते.

खाली उतरल्यावर थर्मासातली कॉफी ओतत गेलन म्हणाला, “आला होता.”

“हो.”

“माझ्याकडं बघत होता.”

“नाही. तोंड माझ्या मचाणाकडं होतं.”

“तुझी नजर आधीच अधू. माझ्याकडं होतं म्हणतोय ना.”

या विषयावर त्यांच्यात पंचेचाळीस वर्षे झालेले बोलणे एवढेच. ज्या वर्षी शिकारीच्या दिवसांत धुके उतरे त्या वर्षी तो येई, आणि त्या वर्षी हेच चार शब्द होत. दोघांपैकी प्रत्येक जण तो आपल्याकडेच पाहत होता, हे हट्टाने सांगे. कोणीच माघार घेत नसे, आणि त्या भांडणावर दोघांनाही वर्षभर झोप लागे.

गेलनने १९७१ साली आर्डिसशी लग्न केले होते. लायल गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यातच तो तिच्या दारात उभा राहिला होता. सरपण फोडून दिले, गाई पिळल्या, मुलीला ताप आला तेव्हा बर्फातून डॉक्टरकडे नेले. रोंडा त्यालाच बाबा म्हणत मोठी झाली; जन्मदात्याला ती लायल म्हणे. हार्लन मात्र भावाच्या दारी गेले नाहीत. आपण कुऱ्हाड घेऊन तिच्या अंगणात उभे राहिलो, तर ती कबुलीच ठरेल, अशी त्यांना भीती होती. जे ठाऊक नाही त्याची कबुली देणे त्यांच्या काटेकोर स्वभावाला खोटे वाटले. चर्चमध्ये ते आर्डिसला टोपी काढून नमस्कार करत. चाळीस वर्षे तेवढेच. २०११ साली ती गेली तेव्हा ते शवपेटीच्या खांदेकऱ्यांत होते.

२०१८ च्या जूनमध्ये ब्रेक्के गोठ्याच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. गेलनची फुप्फुसे त्याआधीच थकली होती. तो रोंडाच्या घरी, पुढल्या खोलीत, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून धारेकडच्या खिडकीशी पडून असे. ऑगस्ट आला. पन्नाशी ओलांडलेली रोंडा शाळेची बस चालवी आणि सुट्टीत तिचा हात रिकामा असे. दोन्ही म्हाताऱ्यांना सुखाचा धक्का द्यावा, असे तिच्या मनात आले. तिने शेजाऱ्याकडून तव्यांचा, म्हणजे पोलादी चकत्यांचा, कुळव मागून आणला, वरची पट्टी आडवी-उभी कुळवून काढली, काळीभोर भुसभुशीत केली, बी टाकले, आणि मगच ब्रेक्के यांच्या स्वयंपाकघरात येऊन सांगितले.

“दरवर्षी तुम्ही ते काड लोळवत बसता, काका. आता बघा जमीन. केकसारखी झालीय.”

ब्रेक्के यांनी हातातला पेला खाली ठेवला. किती खोल, असे विचारले.

“सहा इंच. का हो?”

रोंडाला त्यांचा चेहरा पाहून वाईट वाटले; तिने माफी मागितली आणि नांगराशी त्यांचे वाकडे का, हे पहिल्यांदाच थेट विचारले. पेरा वर आला की सांगतो, असे ब्रेक्के म्हणाले. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, आणि हा कसा पाळावा हे त्यांना कळत नव्हते.

सप्टेंबरच्या मध्यावर ती पुन्हा आली. पेरा छान वर आला आहे, म्हणाली, पण रानाच्या कडेला मी न टाकलेले काहीतरी उगवले आहे. मोठी, लवदार, चिकट पाने. हरणांनी सगळे कुरतडले आहे, त्यांना मात्र तोंड लावलेले नाही.

ब्रेक्के यांनी काठी मागितली. रोंडाने त्यांना छोट्या उघड्या गाडीतून वर नेले.

तंबाखू होती. हाताच्या पंजाएवढी, जमिनीलगत पसरलेली पंचवीस-तीस रोपे. तंबाखूचे बी धुळीसारखे बारीक असते. अंधारात पुरले गेले तर ते निजते आणि उजेड दिसेपर्यंत उठत नाही. पन्नास वर्षांपूर्वी लायलने राखलेल्या सात झाडांचे बी वाऱ्याने पडले होते. कुळवाने त्याला उजेड दाखवला होता. हरणांनी भोवतालची हिरवळ अगदी बुडापर्यंत खाल्ली होती, त्यामुळे ती रोपे कोणी हाताने लावल्यासारखी वेगळी उठून दिसत होती.

अर्धा तास मला एकट्याला सोड, असे त्यांनी सांगितले. रोंडा गाडीत जाऊन बसली.

दोन जोरदार पावसांनी माती धुऊन निघाली होती आणि खडे वर आले होते. त्या चार पावलांपर्यंत पोचायला ब्रेक्के यांना बराच वेळ लागला. गुडघे टेकवत नव्हते, म्हणून ते काठीच्या टोकाने एकेक पान उचलून पाहत राहिले. पाचव्या की सहाव्या रोपाच्या मुळाशी हिरवट गंज चढलेला तांब्याचा तुकडा होता. तोंडाशी वाकलेला, पण बूड शाबूत. बूड पेन्सिलीइतके बारीक होते.

ते उभेच राहिले. मोकळे वाटेल किंवा कोसळल्यासारखे होईल, अशी दोन्ही भाकिते त्यांनी पन्नास वर्षांत केली होती. दोन्ही खोटी ठरली. त्यांना फक्त पाठीमागच्या रानात कोणीतरी उभे असल्याचे जाणवत होते, आणि मान वळवण्याचे धाडस होत नव्हते. मग त्यांनी मोठ्या कष्टाने वाकून तो तुकडा उचलला आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रोंडा बसवर गेल्यावर, ते गेलनच्या खाटेशी जाऊन बसले. आधी गेलनला मोकळे करायचे, मग रोंडाला सांगायचे, असा क्रम त्यांनी ठरवला होता. डबी त्यांनी पांघरुणावर ठेवली.

गेलनने ती उघडली नाही. “कुठं होती?”

“तंबाखूच्या मुळाशी. लायलच्या बियांची तंबाखू उगवलीय वर.”

“तू बघितलीस.”

“बारीक आहे, गेलन. माझी आहे.”

गेलनचे डोळे खिडकीबाहेर धारेवर होते. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग होता, आणि तो ब्रेक्के यांनी अपेक्षिला नव्हता.

“पन्नास वर्षं निम्मी माझी होती. तिच्यावर मी संसार केला. पोर वाढवली. आता तू खुबा मोडून घेतोस, वर जातोस आणि येऊन सांगतोस, सगळी तुझी. मग मी इतकी वर्षं काय वाहिलं? रिकामं पोतं?”

“मला वाटलं, तुला हलकं वाटेल.”

“हलकं व्हायचं असतं तर मीच नांगर घातला असता. नांगर माझ्याही घरी होता की.” त्याला ढास लागली. ती ओसरल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, “जिथनं उचललीस तिथं परत ठेव.”

“आणि रोंडाला?”

“तिला सांगायचं तर सांग. पण मी आहे तोवर नाही. तोवर मला तिचा बाप राहू दे, आधी होतो तसा.”

ब्रेक्के यांनी डबी खिशात टाकली. निघताना गेलनने त्यांच्या बाहीला धरले आणि तसेच धरून ठेवले.

गेलन फॉसम २१ ऑक्टोबरला गेला. चर्चच्या तळघरातल्या जेवणाच्या वेळी रोंडाने ब्रेक्के यांच्या थाळीत लेफ्से, बटाट्याची पातळ पोळी, वाढताना विचारले, की पेरा तर कधीचाच वर आला, तुम्ही सांगणार होता. शिकारीचे दिवस होऊन जाऊ देत, असे ते म्हणाले. आपण शब्द पुढे ढकलला, हे त्यांनी त्या दिवशी निळ्या वहीत लिहून ठेवले.

नोव्हेंबरात त्यांना मचाणावर चढता येणे शक्य नव्हते. रोंडाने त्यांच्या मचाणाच्या बुडाशी काडाच्या गाठोड्यांचा आडोसा केला आणि रोज पहाटे त्यांना तिथे बसवून, दुपारी गाडी घेऊन वरच्या रस्त्याने न्यायला यायचे, असे ठरले. पट्टीतून चालत यायचे नाही, हा नियम तिला लहानपणापासून पाठ होता.

पाच दिवस लख्ख उन्हाचे गेले. सहाव्या दिवशी, गुरुवारी, खोऱ्यात सगळीकडे थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की भाजण्याची गडबड चालू असताना, धुके उतरले.

सहा हरणे सलगमाची पाने खात होती. तंबाखू थंडीने काळी पडून जमिनीला चिकटली होती. हरणे तिला वळसा घालून चरत होती. नवाच्या सुमारास सहाही माना एकदम वर झाल्या.

तो रानाच्या कडेने आला. पट्टीच्या मध्यावर थांबला आणि त्याने ब्रेक्के यांच्याकडे पाहिले. इतकी वर्षे या नजरेखाली बसताना ब्रेक्के यांना पलीकडच्या मचाणाचा आधार असे. आत्ता खाली उतरलो की गेलन ‘नाही, माझ्याकडं’ म्हणेल, हे ठाऊक असे. पलीकडचे मचाण रिकामे होते. लायल पाहतच राहिला. मग तो खाली वाकला, त्याने एक काळे पान आंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळले, नरम पडले की नाही ते पाहावे तसे, आणि मान वळवून खाली, तंबाखूचे कोठार होते त्या दिशेला पाहिले. कोठार पाडून तेवीस वर्षे झाली होती. धुके दाटले आणि तो दिसेनासा झाला.

किती वेळ गेला ते ब्रेक्के यांना नंतर सांगता आले नाही. हरणे निघून गेली होती. ते बंदूक मांडीवर घेऊन बसले होते, आणि रानाच्या कडेने, त्याच जागेतून, पुन्हा कोणीतरी बाहेर आले. करडी आकृती, सरळ त्यांच्या दिशेने येणारी. या वेळी पावलांचा आवाज होता.

ब्रेक्के यांचे हात त्यांच्या आधी कामाला लागले. त्यांनी बंदुकीची कडी खाली ओढली. एक न झाडलेले काडतूस काडावर पडले. पुन्हा ओढली, दुसरे पडले. पाचही काडतुसे पडली तरी ते रिकामी कडी ओढतच होते.

“काका, मी आहे.” रोंडाने नारिंगी टोपी काढून हलवली. “गाडी चिखलात रुतली वरच्या रस्त्याला. तुम्ही फोन उचलेनात. मला राहवलं नाही.”

ती जवळ आली आणि काडावर पडलेली काडतुसे पाहून पुढचे बोलायची थांबली. ब्रेक्के यांनी बंदूक बाजूला ठेवली, खिशातून डबी काढून तिच्या हातात दिली.

“तुझा बाप माझ्या गोळीनं गेला. ही ती. सप्टेंबरात सापडली. म्हणून नांगर नको होता.”

रोंडाने डबी उघडली, पाहिले, मिटली. ती शेजारच्या गाठोड्यावर बसली. डबी मांडीवर धरून म्हणाली, “आईला वाटायचं, बाबांची.”

“गेलनची? तिनं विचारलं होतं त्याला?”

“कधीच नाही. म्हणायची, लायल गेल्यावर दोघांतला एक दारात आला, दुसरा आला नाही. ज्याच्या मनाला टोचत असेल तोच येणार, असं तिनं धरलं.”

“आणि तरी लग्न केलं?”

“मीही हेच विचारलं होतं. म्हणाली, मारलं असेल ते चुकून. लाकडं काही चुकून फोडली नाहीत त्यानं.”

ब्रेक्के यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. गेलन एका खिडकीशी पन्नास वर्षांचे निम्मे ओझे घेऊन पडला होता, आणि त्याआधी त्याच्या बायकोने ते सगळेच्या सगळे त्याच्या नावावर मांडून त्याला जेवू घातले होते. त्याला ते कळले नव्हते. आपण एकदा, फक्त एकदा, कुऱ्हाड घेऊन त्या अंगणात गेलो असतो तर तिला निदान शंका आली असती, हे ब्रेक्के यांच्या ध्यानात आले. काटेकोरपणाने त्यांनी एक खोटे टाळले होते आणि दुसरे चाळीस वर्षे उभे राहू दिले होते.

“मला थोडे दिवस द्या,” रोंडा म्हणाली. मग तिने त्यांना उठवले, आणि दोघे एकमेकांना धरून, पट्टीतून चालत, खाली आले.

ती चार आठवडे आली नाही. नाताळच्या आदल्या दिवशी आली तेव्हा हातात लेफ्सेचा डबा होता. त्या विषयावर ब्रेक्के एवढेच म्हणाले, की गेलनने ती परत ठेवायला सांगितली होती. मार्चमध्ये, रात्री गोठते आणि दुपारी वितळते अशा दिवसांत, क्लोव्हर टाकायची वेळ झाली. त्या दिवसांत जमीन मधाच्या पोळ्यासारखी भेगाळते. बी नुसते वर फोकले तरी भेगांत पडते, आणि भेगा मिटल्या की माती ते आत ओढून घेते. ब्रेक्के गाडीत बसून राहिले आणि रोंडा पोते गळ्यात अडकवून पट्टीभर चालली. काळ्या तंबाखूजवळ आल्यावर तिने डबी काढली, तुकडा इतर बियांबरोबर भेगेत टाकला, आणि न थांबता पुढे फोकत गेली. वहीत त्या तारखेला ब्रेक्के यांनी नेहमीप्रमाणे बियाण्याचे वजन लिहिले. त्याखाली एक ओळ आहे: ‘परत ठेवली. गेलनने सांगितल्याप्रमाणे. रोंडाच्या हाताने.’

तीन आठवड्यांनी, दगड वेचायचे दिवस येण्याआधी, ते झोपेत गेले.

मागे जे ठरले ते असे. वरची पट्टी मृत्युपत्राने रोंडाकडे आली, तिला नांगर किंवा कुळव लावायचा नाही या अटीसह. ही अट रोंडाने स्वतः होऊन आपल्या मृत्युपत्रातही घातली आहे. ब्रेक्के यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची बंदूक लोहाराकडून तीन ठिकाणी कापून घेण्यात आली. मचाणांपैकी त्यांचे पाडले, गेलनचे ठेवले. शेतीखात्याचे लोक अजून पद्धत पाहायला येतात आणि रोंडा त्यांना तेच एक वाक्य सांगते.

राहून गेले तेही नोंदवले पाहिजे. आर्डिसला खरे सांगायचे राहून गेले, आणि गेलनला, त्याची बायको त्याला काय समजत होती ते. नोव्हेंबरात धुके उतरले की रोंडा गेलनच्या मचाणावर बसते. तिथून ती काय पाहते आणि कोणाचे तोंड कोणीकडे असते, हे तिने कोणाला सांगितलेले नाही. आणि एक गोष्ट मातीने अजून ठरवलेली नाही. ती बी आत घेते आणि दगड बाहेर काढते. तो तुकडा मातीने बी मानला की दगड, हे कळलेले नाही. रोंडा दर एप्रिलमध्ये बादली घेऊन वर जाते, आणि त्या चार पावलांत गुडघ्यांवर बसून वेचते.